'सॉरी'ला इंग्रजीत पर्याय कोणते, आणि कुठला कधी वापरायचा?

तुमचा प्रश्न असा आहे, की बोलताना आणि ऑफिसच्या मेलमध्ये दर वेळी 'सॉरी'च येतं, त्याऐवजी दुसरं काय वापरता येईल? शब्द भरपूर आहेत: अपॉलॉजाइज, रिग्रेट, एक्स्क्यूज मी, पार्डन, फर्गिव्ह. पण त्यातला कुठलाही उचलून 'सॉरी'च्या जागी ठेवता येत नाही. चूक आपली आहे का, आणि ती आपण किती मान्य करतोय, यावर शब्द ठरतो.

आधी 'सॉरी'चंच बघू. जुन्या इंग्रजीत 'सार' म्हणजे वेदना, त्यापासून 'सारिग' म्हणजे व्यथित, आणि त्याचा आजचा 'सॉरी' झाला. (दुःख या अर्थाचा 'सॉरो' वेगळ्या मुळाचा आहे, दोन्ही सारखे दिसतात एवढंच.) म्हणजे या शब्दाच्या गाभ्यात 'मला वाईट वाटतंय' एवढंच आहे, 'चूक माझी' हे संदर्भाने येतं. आपण मराठीत 'सॉरी' घेतला तो मात्र फक्त माफीसाठी. म्हणून कुणाचे वडील गेल्यावर इंग्रजी माणूस 'आय अॅम सो सॉरी' म्हणतो, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना प्रश्न पडतो, की हा माफी कशाची मागतोय? तो माफी मागतच नसतो, सांत्वन करत असतो. त्यावर 'इट्स ओके' म्हणू नका, 'थँक यू' म्हणा.

'अपॉलॉजाइज' म्हणजे चूक माझी, आणि मी ती कबूल करतोय. त्यात वाईट वाटण्यापेक्षा जबाबदारी घेणं जास्त आहे. 'रिग्रेट' म्हणजे खेद. झालं ते वाईट झालं, पण ते मी केलं असं हा शब्द म्हणत नाही.

हा फरक किती खोल जातो पाहा. ऑस्ट्रेलियात आदिवासींची मुलं सरकारी धोरणाखाली आईबापांपासून तोडली गेली. त्याबद्दल 1999 मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत ठराव आणला, त्यात 'डीप अँड सिन्सिअर रिग्रेट' असे शब्द होते. लोकांना ते पुरले नाहीत. 13 फेब्रुवारी 2008 रोजी नवे पंतप्रधान केव्हिन रड यांनी त्याच संसदेत 'सॉरी' आणि 'अपॉलॉजाइज' हे दोन्ही शब्द उच्चारले, तेव्हा कुठे ती माफी मानली गेली. जालियनवाला बागेच्या शताब्दीला, एप्रिल 2019 मध्ये, तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे संसदेत 'डीपली रिग्रेट' म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी त्याच सभागृहात पूर्ण, स्पष्ट, निःसंदिग्ध माफीची मागणी केली. शब्दकोशात हे समानार्थी दिसतात, पण ज्यांनी भोगलं त्यांना ते समान वाटत नाहीत. मराठीतही खेद, दिलगिरी आणि माफी यांत अंतर आहेच. रस्ता खणल्यावर लावलेल्या फलकावर 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असतं, 'माफी मागतो' असं नसतं.

आता वाक्यरचना, कारण चुका जास्त इथेच होतात. 'सॉरी' विशेषण आहे, म्हणून 'आय अॅम सॉरी'. 'अपॉलॉजाइज' क्रियापद आहे, म्हणून नुसतं 'आय अपॉलॉजाइज'. 'आय अॅम अपॉलॉजाइज' चूक. आपण 'त्याची माफी मागितली' म्हणतो, त्यामुळे 'अपॉलॉजाइज्ड हिम' तोंडात येतं. तिथे 'टू' हवंच: 'अपॉलॉजाइज्ड टू हिम'. माणसाला 'टू', चुकीला 'फॉर'.

'सॉरी फॉर लेट' फार ऐकू येतं. 'फॉर'नंतर नाम किंवा 'आयएनजी'वालं रूप लागतं: 'सॉरी फॉर बीइंग लेट', नाहीतर सरळ 'सॉरी आय अॅम लेट'. 'सॉरी फॉर द लेट रिप्लाय' बरोबर आहे, कारण तिथे 'रिप्लाय' हे नाम आहे. 'सॉरी टू डिस्टर्ब यू' हे आत्ता व्यत्यय आणताना म्हणायचं. आणि एक मोठा खड्डा: 'आय फील सॉरी फॉर हिम' म्हणजे मला त्याची कीव येते. सहकाऱ्याच्या चुकीबद्दल ग्राहकाकडे माफी मागायची असेल तर 'आय अपॉलॉजाइज ऑन हिज बिहाफ' म्हणा.

'रिग्रेट'मध्येही असाच सापळा आहे. 'आय रिग्रेट टू टेल यू' म्हणजे वाईट बातमी आता सांगतोय. 'आय रिग्रेट टेलिंग यू' म्हणजे तुला सांगून पस्तावलो. नकाराच्या पत्रात पहिलंच हवं.

'एक्स्क्यूज मी' आधी, 'सॉरी' नंतर. गर्दीतून वाट काढताना 'एक्स्क्यूज मी', पायावर पाय पडला की 'सॉरी'. अमेरिकेत हलका धक्का लागल्यावरही 'एक्स्क्यूज मी' म्हणतात, ते चालतं. ऐकू आलं नाही तर स्वर वर नेत 'सॉरी?' किंवा 'पार्डन?'. आपलं 'काय?' घरात खपून जातं, पण त्याचं थेट 'व्हॉट?' अनोळखी माणसाला उद्धट वाटतं. 'फर्गिव्ह मी' जड आहे, नातं दुखावलं असेल तेव्हासाठी राखून ठेवा. 'माय बॅड' मित्रांत ठीक, साहेबांना नको.

ऑफिसच्या मेलसाठी मी तीनच वाक्यं सुचवेन. काय चुकलं, का चुकलं ते थोडक्यात, आणि आता काय केलंय: 'आय अपॉलॉजाइज फॉर सेंडिंग द रिपोर्ट लेट. आय मिसरेड द डेडलाइन. द फायनल फाइल इज अटॅच्ड.' चौथ्या वाक्यात पुन्हा 'सॉरी' नको. 'सॉरी, बट' टाळा, 'बट'नंतर आधीची माफी पुसली जाते. 'सॉरी इफ यू फेल्ट बॅड' तर मुळीच नको, कारण त्यातला 'इफ' दोष समोरच्याच्या वाटण्यावर ढकलतो. ग्राहकाला लिहिताना 'सॉरी फॉर द इनकन्व्हीनियन्स', यातला 'द' गाळू नका.

मीटिंगच्या इतिवृत्तात 'अपॉलॉजीज' असा रकाना दिसला तर गोंधळू नका. येऊ शकत नसल्याचं आधी कळवलेल्या सदस्यांची नावं तिथे लिहितात. तुम्हाला जमणार नसेल तर 'माय अपॉलॉजीज, आय वोन्ट बी एबल टू अटेंड' एवढं कळवलं की पुरे.