मनालीत फुटलेला पाइप आणि नाशिकचं बिल

प्रश्न : अंबडला माझं सोलर वॉटर हीटर आणि प्लंबिंगचं दुकान आहे. देवळालीला नोकरीत असताना एक फौजी माझे गिऱ्हाईक होते. निवृत्त होऊन ते मनालीजवळच्या आपल्या गावी गेले. तिथे नवरा-बायको मिळून चार खोल्यांचा होमस्टे चालवतात, कामाला बाहेरचा माणूस नाही. ओळखीमुळे त्यांनी सोलरचं काम मलाच दिलं. नोव्हेंबरमध्ये माझे दोन फिटर जाऊन छतावर सोलर, बाहेरच्या भिंतीवरून पाइप आणि अंगणात एक नळ बसवून आले. बिल १,३८,००० रुपये, पूर्ण मिळालं. फौजींनी फिटरांना विचारलं होतं, 'यहाँ सर्दी में पानी जम जाता है, चलेगा ना?' आमचा पोरगा म्हणाला, 'कंपनी का माल है, कुछ नहीं होगा.' जानेवारीत अंगणातला नळ, भिंतीवरचा पाइप आणि सोलरच्या तांब्याच्या नळ्या फुटल्या. खालच्या खोलीचं लाकडी छत भिजलं. आता वकिलाची नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत ३,८५,००० रुपये द्या. त्यात बिलाचा परतावा १,३८,०००, छताचे ६२,०००, रद्द झालेल्या बुकिंगचे १,३५,००० आणि मनस्तापाचे ५०,०००. आमच्याकडे निफाडला पारा दोन-तीन अंशांवर येतो, तरी आजवर एकही पाइप फुटला नाही. थंडी नैसर्गिक आपत्ती आहे, त्याला मी काय करणार? शिवाय माझ्या बिलावर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' आणि 'न्यायक्षेत्र नाशिक' असं छापलेलं आहे. एक गोष्ट खरी सांगतो, कंपनीचं माहितीपुस्तक दुकानातच राहिलं. शून्याखालच्या तापमानात हे मॉडेल वापरू नये, असं त्यात लिहिलेलं आहे. मला पैसे द्यावे लागतील का? मनालीला खेटे घालावे लागतील का?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमची बाजू बरी वाटली. दुसऱ्या वाचनात 'कुछ नहीं होगा' या तीन शब्दांशी अडलो, आणि मग शेवटी आलेलं माहितीपुस्तक. माहितीपुस्तकाची गोष्ट लपवली नाहीत हे बरं केलंत. तुमच्या वकिलाला ती उलटतपासणीत कळली असती तर फार महागात पडली असती.

'नैसर्गिक आपत्ती' हा मुद्दा नोटिशीच्या उत्तरात घालू नका. ज्याची कल्पना शहाण्या माणसाला येऊ शकत नाही आणि खबरदारी घेऊनही जे टळत नाही, त्याला कायदा आपत्ती म्हणतो. मनालीत जानेवारीत पाणी गोठतं हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, आणि तुमच्या माणसांना तर खुद्द गिऱ्हाइकानेच ते सांगितलं होतं. निफाडचा दाखला तर उलट तुमच्याच अंगाशी येईल. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा दोन-तीनवर आल्याची बातमी आली की आपले द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकने पाणी सोडतात. म्हणजे थंडीने नुकसान होतं आणि त्यावर आधी तजवीज करावी लागते, हे नाशिककराला माहीत नाही असं कोणताही न्यायाधीश मानणार नाही. निफाडची थंडी शून्याच्या वरची आणि पहाटेच्या दोन-तीन तासांची असते, आठ वाजता ऊन येतं, म्हणून पाइपातलं पाणी गोठत नाही. मनालीत उत्तरेकडच्या भिंतीवरचा पाइप दिवसभर सावलीत राहतो, रात्री पारा शून्याखाली जातो आणि सकाळी आतला बर्फ वितळायची सोय नसते.

आता थोडं तुमच्या धंद्याचं बोलतो. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण तुमची केस नेमकी इथेच उभी राहते किंवा पडते. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. पाइपात एका जागी बर्फाचं बूच बसलं आणि पुढची तोटी बंद असली, की बूच आणि तोटी यांच्यामधलं पाणी दाबलं जातं. त्याला जायला जागा नसते, मग धातू फाटतो. म्हणून पाइप पुष्कळदा बर्फ असतो तिथे न फुटता भलतीकडेच फुटतो, आणि ऊन लागून बर्फ वितळला की मगच पाणी सुटतं. थंड मुलखात यावर साधा उपाय करतात : बाहेरच्या नळाला जाणाऱ्या पाइपावर घराच्या आत, उबेत एक व्हॉल्व्ह ठेवायचा. हिवाळ्यात तो बंद करायचा, बाहेरची तोटी उघडी टाकायची आणि सगळ्यात खालच्या बिंदूवरच्या ड्रेन कॉकमधून पाणी काढून टाकायचं. पाइपाला उतार द्यायचा, म्हणजे पाणी कुठे साचत नाही. उरलेल्या भागावर इन्सुलेशन, आणि शक्य तिथे पाइप जमिनीत, जमीन जितकी खोल गोठते त्याच्याही खाली. सोलरचं गणित वेगळं. सपाट कलेक्टर, म्हणजे छतावरचं ऊन शोषणारं पॅनेल, रात्री उघड्या आकाशाकडे उष्णता सोडतो. हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी त्यातल्या तांब्याच्या बारीक नळ्या गोठू शकतात. म्हणून तिथे कलेक्टरमध्ये पाण्याऐवजी गोठणरोधक द्रावण बंद लाइनमधून फिरवतात आणि हीट एक्स्चेंजर त्याची उष्णता पाण्याला देतो, अशी यंत्रणा लावतात.

तेव्हा आज संध्याकाळी दोन्ही फिटरांना बसवा आणि विचारा : आत व्हॉल्व्ह ठेवला होता का? ड्रेन कॉक दिला होता का? पाइपाला उतार होता का? मोबाइलवर कामाचे फोटो आहेत का? व्हॉल्व्ह होता, फौजींना दाखवला होता, आणि तरीही तोटी बंद ठेवून ते चार दिवस बाहेर गेले असं निघालं, तर पाइप आणि नळापुरती तुमची बाजू चांगली आहे. व्हॉल्व्हच नव्हता तर 'पाणी काढून ठेवायला हवं होतं' हे बोलण्यात अर्थ नाही. काढणार कुठून?

कायद्याकडे येऊ. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ चा आशय असा : गिऱ्हाइकाने वस्तू कशासाठी हवी हे विक्रेत्याला कळवलं, आणि तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असेल ही अट करारात आपोआप येते. फौजींनी मॉडेल निवडलं नाही, तुम्ही निवडलंत. पाणी गोठतं हे त्यांनी सांगितलं आणि तुमच्या माणसाने हमी दिली. दुकानाच्या कामावर गेलेल्या माणसाचं बोलणं तुमचंच मानलं जातं. हे कलम तुमच्या अंगावर अगदी मापाने शिवल्यासारखं बसतं. एकच दिलासा : माल ताब्यात घेऊन दोन महिने वापरल्यानंतर या कायद्याखाली गिऱ्हाईक सहसा माल नाकारू शकत नाही, भरपाई मागू शकतो. दिवाणी दाव्यात संपूर्ण परताव्याची मागणी त्यामुळे सैल पडते.

पण फौजींचे वकील दिवाणी दाव्याकडे जातील असं वाटत नाही. ते ग्राहक आयोगात जातील. होमस्टे हा धंदा आहे, मग ते 'ग्राहक' कसे, हा तुमचा पुढचा प्रश्न मी ओळखला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ व्यापारी हेतूने घेतलेला माल वगळतो हे खरं. मात्र स्वतः राबून, केवळ पोटापाण्यासाठी केलेला स्वयंरोजगार त्या वगळण्यात येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात तेच सांगितलं. चार खोल्या, नवरा-बायको, कामाला माणूस नाही. हे तुम्हीच लिहून दिलंय. ते ग्राहक ठरतील हे धरून चला.

माहितीपुस्तक मात्र खरोखर जड आहे. याच कायद्याच्या कलम ८६ मध्ये, वस्तू स्वतः न बनवणारा विक्रेता कधी जबाबदार ठरतो ते दिलंय. जोडणीत वाजवी काळजी न घेणं आणि उत्पादकाने दिलेली धोक्याची सूचना गिऱ्हाइकापर्यंत न पोहोचवणं, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. कंपनीने सूचना छापली होती, ती तुमच्या ड्रॉवरमध्ये राहिली. म्हणजे कंपनी हात झटकेल आणि बोट तुमच्याकडे येईल. तरीही कंपनीला आजच लेखी कळवा आणि प्रकरण आयोगात गेलं तर तिलाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्षकार, करण्याची मागणी करा. तांब्याच्या नळ्यांत मूळचाच दोष होता का, ते तपासणीशिवाय कळणार नाही. फुटलेले तुकडे फेकू नका, असं फौजींना लेखी सांगा.

तरी सगळीच रक्कम तुमच्यावर बसेल असं मला वाटत नाही. याच कायद्यात उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीच्या, प्रकरणापुरती 'हानी'ची व्याख्या आहे. तिच्यात दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान धरलंय, म्हणजे छत आलं. खुद्द त्या वस्तूचं नुकसान आणि व्यापारी किंवा आर्थिक तोटा मात्र त्यातून वगळलेला आहे. बुकिंगचे १,३५,००० या वाटेने मिळणार नाहीत. ते 'सेवेतील त्रुटी' या दुसऱ्या वाटेने मागता येतात, पण तिथे तोटा आणि तुमची चूक यांचा सरळ संबंध दाखवावा लागेल. बुकिंगची नोंदवही, रद्द झाल्याचे संदेश, परत केलेली आगाऊ रक्कम, हे सगळं मागा. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७३ म्हणतं की दूरचा, आडवळणाचा तोटा देय नाही. तोटा आवरण्याची साधनं हाताशी होती का, हेही पाहावं लागतं. सोलर बंद पडलं म्हणून चारही खोल्या रिकाम्या का राहिल्या? विजेचा गीझर नव्हता का? बर्फामुळे रस्ता बंद होऊन पाहुणे आले नाहीत, असं तर नाही? हे प्रश्न उत्तरात सभ्य शब्दांत विचारा. मनस्तापाच्या ५०,००० वर आत्ता शाई वाया घालवू नका.

बिलावर छापलेल्या ओळींचा फार आधार धरू नका. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, किंवा मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापार प्रथाच ठरवली आहे. तुमच्या बाबतीत तीस दिवस उलटून गेलेत, पण ती ओळ वाचून आयोगाचं मत तुमच्याबद्दल चांगलं होणार नाही. पुढच्या बिलबुकातून ती काढून टाका. 'न्यायक्षेत्र नाशिक'चंही तेच. तक्रारदार जिथे राहतो किंवा कमावतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम ३४ ने दिलेला आहे. मोजलेली किंमत ५० लाखांच्या आत, म्हणजे मनाली ज्या जिल्ह्यात येतं त्या कुल्लूचा जिल्हा आयोग. प्रत्येक तारखेला जावंच लागेल असं नाही. बहुतेक काम शपथपत्रं आणि कागदपत्रांवर चालतं, आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहण्याचा अर्ज करता येतो.

इथे एक गोष्ट दुकानातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. वकिलाच्या नोटिशीतले पंधरा दिवस त्यांनी ठरवलेले आहेत. ते हुकले तर आभाळ कोसळत नाही, तरी उत्तर द्याच, कारण गप्प बसणं पुढे तुमच्याविरुद्ध वाचलं जातं. आयोगाची नोटीस वेगळी. तक्रारीच्या प्रतीसह ती हाती पडल्यापासून तीस दिवसांत तुमचं म्हणणं दाखल झालं पाहिजे. आयोग फार तर पंधरा दिवस वाढवून देतो. त्यापुढे एकही दिवस नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हे पक्कं केलं. 'वकील गावाला गेले होते' म्हणून सेहेचाळिसाव्या दिवशी पोहोचलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या कैफियती कुणी वाचल्याच नाहीत.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? पाइप, नळ आणि कलेक्टर स्वखर्चाने नीट करून देण्याचा प्रस्ताव दिला असता, या वेळी हीट एक्स्चेंजरवाली यंत्रणा, आत व्हॉल्व्ह, खाली ड्रेन कॉक. छताचं बिल सुताराच्या पावतीसह मागून त्यातला बराचसा भाग दिला असता. परतावा आणि बुकिंग नाकारलं असतं. हे पत्र 'हक्क अबाधित ठेवून, केवळ तडजोडीसाठी' असं स्पष्ट लिहून पाठवा, म्हणजे तडजोड फिसकटली तर तुमचा प्रस्ताव चुकीची कबुली म्हणून वापरता येणार नाही. व्हॉट्सअॅपवर मात्र 'आमची चूक झाली, भाऊ' वगैरे लिहू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह तो संदेश पुरावा म्हणून येतो. तुमच्याकडचे जुने संदेशही पुसू नका. फौजींनी मॉडेलबद्दल काय विचारलं आणि तुम्ही काय कळवलंत, ते त्यांत असेल. तुमच्या बाजूचं असो वा विरुद्धचं, ते तुमच्या वकिलाला आधी दिसलं पाहिजे.

आणि त्यांना एक फोन करा. नोटीस आल्यावर पक्षकारांनी एकमेकांशी बोलू नये, असा काही नियम नाही. देवळालीपासूनची ओळख आहे, इतक्या लांबून त्यांनी तुमच्याकडेच काम दिलं. फोनवर पैशांचा आकडा काढू नका. एवढंच विचारा की सध्या घरात पाणी कसं येतंय, आणि मार्चमध्ये बर्फ ओसरल्यावर कोणत्या दिवशी माणसं पाठवू. या वेळी तो 'कुछ नहीं होगा'वाला पोरगा पाठवू नका.