मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची शेअर फाइल बाकीच्यांना उघडता येऊ नये म्हणून काय करावं?

ऑफिसात पाच-सहा जणांनीच ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमची फाइल वापरायची, इतरांनी नाही, हा तुमचा प्रश्न. आधी फाइलचे दोन भाग करा: टेबलं (म्हणजे मूळ माहिती) सर्व्हरवर, फॉर्म-रिपोर्ट प्रत्येकाच्या पीसीवर. टेबलांची फाइल ‘ओपन एक्सक्लुझिव्ह’ने (म्हणजे त्या वेळी दुसऱ्या कुणाला उघडता येणार नाही अशी) उघडून पासवर्डने एन्क्रिप्ट करा आणि फॉर्मांच्या फाइलमधून टेबलं पुन्हा लिंक करा. खरं कुलूप मात्र विंडोजच्या फोल्डर परवानगीचं. त्या पाच-सहांनाच फोल्डरवर ‘मॉडिफाय’ (बदल करण्याची परवानगी) द्या. नुसत्या ‘रीड’वर भागत नाही, कारण फाइल कोण वापरतंय याची नोंद ठेवणारी लॉक फाइल त्याच फोल्डरात तयार होते. ॲक्सेसमध्येच माणसागणिक अधिकार देण्याची जुनी सोय ॲक्सेस २००७ च्या एसीसीडीबी या नव्या फाइल फॉरमॅटपासून गेली. नेव्हिगेशन पेन (टेबलं-फॉर्मांची बाजूची यादी) लपवणं वगैरे म्हणजे दाराला पडदा. शिफ्ट दाबून फाइल उघडली की संपलं. पगाराचे आकडे असतील तर टेबलांसाठी सरळ मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा डेटाबेस सर्व्हर घ्या, फुकट आहे.