गणपती दरवर्षी अचानक कसे येतात?

"मॅडम, आम्ही काही उधळे नाही हो. तरी 20 तारखेनंतर हातात काही उरत नाही."

माझ्याकडे समुपदेशनासाठी पैशावरून भांडण घेऊन येणारी बहुतेक जोडपी याच वाक्यानं सुरुवात करतात. दोघं कमावतात, व्यसन नाही, दागिन्यांची हौस नाही, मग पैसा जातो कुठे? आज सांगतेय ते जोडपं डोंबिवलीचं. दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. ती खासगी ऑफिसात, तो लोकलनं रोज मुंबईला, मुलगा चौथीत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 94,000. ती आली होती झोप लागत नाही म्हणून. पैशाचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला, तोही क्रेडिट कार्डाचं बिल तिनं महिनाभर नवऱ्यापासून लपवलं होतं म्हणून.

पहिली चूक माझीच. मी आर्थिक सल्लागार नाही. सगळे सांगतात तेच मीही सांगितलं: वही करा, रोजचा खर्च लिहा. तिनं 11 दिवस इमानदारीत लिहिला. बाराव्या दिवशी नवऱ्यानं वही उघडून मोठ्यानं वाचलं, "पाणीपुरी, 40." एवढंच. पुढे काहीच बोलला नाही म्हणे. वही त्या रात्री माळ्यावर गेली. मला हे आधीच सुचायला हवं होतं. ज्या घरात आधीच एकमेकांवर डोळा आहे, तिथे रोजच्या हिशोबाची वही देणं म्हणजे कोलीतच की!

वहीत तसं फार नवीन निघालंही नव्हतं. घराचा हप्ता 27,500, वाणसामान-दूध-भाजी 17,000, गावी सासू-सासऱ्यांना 5,000, तेवढीच एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक), बाकी मेंटेनन्स, लाइटबिल, पास, क्लास, कामाच्या मावशी, बाहेरचं खाणं. सगळं धरून 81,500. म्हणजे कागदावर महिन्याला 12,500 शिल्लक. आणि कार्डावर 80,000 थकलेले! "मग हे कसं?" असं विचारलं की दोघांचं उत्तर एकच: "मधेच काहीतरी अचानक येतं."

चौथ्या भेटीला त्यांना घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला सांगितलं. तारखांच्या चौकोनांत दुधाच्या खाड्याच्या फुल्या होत्याच. म्हटलं, आता वर्षभरात अचानक काय काय आलं ते त्या-त्या महिन्यावर लिहा. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं, 62,000. विमा आणि मेडिक्लेम 41,000. स्कूटर 6,000. गणपतीला गावी जाणं 22,000. दिवाळी 30,000. मुलाचा वाढदिवस, हॉल घेऊन, 28,000. लग्नकार्यं आणि आहेर 20,000. मे महिन्यातली ट्रिप 35,000. बेरीज त्यानं मोबाइलवर केली. मग पुन्हा केली. 2,44,000. भागिले 12, महिन्याला 20,333.

शिल्लक 12,500 आणि लागतात 20,333. वर्षाला 94,000 ची तूट. थोडी बोनसनं भरली जात होती, बाकीची कार्डावर चढत होती. त्यात पाणीपुरी कुठेच नव्हती, हे तिनं त्याला माझ्यासमोर ऐकवलं. मी मधे पडले नाही.

गणपतीवर तो अडला. "पण गणपती तर कॅलेंडरवर छापलेलेच असतात," असं स्वतःशीच म्हणाला. असतात ना. शाळा जूनमध्ये सुरू होते हेही ठरलेलं. धोंड्याचा महिनासुद्धा साधारण तीन वर्षांनी येतोच, तरी जावयाचं वाण आठ दिवस आधी आठवतं. यांचे 22,000 एवढे का, तर रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सुटतं तेव्हा कोणाच्या ध्यानात नसतं आणि मग ऐनवेळी खासगी बसवाला मागेल ते द्यायचं.

त्यांना अपेक्षा होती की मी आता कात्री हातात घेणार. मी दोन रंगांची पेनं दिली. तिला हिरवं, त्याला निळं. यातलं जे पुढच्या वर्षीही आनंदानं कराल त्यावर खूण करा, बोलायचं नाही. गणपतीवर दोन्ही रंग आले. त्याच्या निळ्या रेघेनं तर कागद जवळजवळ फाटला. दिवाळीवर अर्धवट खुणा: फराळ आणि कपडे हवेत, ऑफिसातल्यांना आणि नातेवाइकांना वाटायचे गिफ्टबॉक्स नकोत. ट्रिपवर एकही नाही. गेल्या वर्षी मुलगा गाडीत आजारी पडला, दोघं हॉटेलात भांडली. पण शेजारी जातात म्हणून यंदाचीही चौकशी सुरू होती. आणि वाढदिवसाचा हॉल! दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला तो हवाय. तीन वर्षं.

कमी केलेल्या रकमा त्यांनीच मांडल्या. ट्रिप बंद, वाढदिवस 4,000, दिवाळी 18,000, आहेर निम्मे. वर्षाचा आकडा 1,63,000 वर आला, म्हणजे महिन्याला साधारण 13,600. शिल्लक 12,500 च, वरचे हजारेक बोनसमधून धरायचे. एवढी रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या बचत खात्यात जाते. त्या खात्याचं यूपीआय फोनवर ठेवलेलंच नाही. खात्याला घरात नाव पडलंय "कॅलेंडर".

कार्डाचं काम खरं अवघड होतं. त्यांच्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के. 80,000 वर व्याज 2,800, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,304. ती दरमहा किमान रक्कम 4,000 भरत होती आणि तिला वाटत होतं कर्ज फिटतंय. मूळ रक्कम कमी होत होती जेमतेम 700 रुपयांनी. त्याच वेळी तिच्या नावावर 60,000 ची एफडी होती, वर्षाला सात टक्क्यांची. मोडा म्हटल्यावर रडली. लग्नाआधीच्या पगारातली होती ती, "माझं म्हणून तेवढंच." गणित एका मिनिटाचं असतं, पण या वाक्याला आम्ही पूर्ण भेट दिली. शेवटी ठरलं की उरलेले 20,000 फेडायला एसआयपी थांबवायची आणि कार्ड फिटलं की तेच 5,000 दरमहा फक्त तिच्या नावावर, आरडीत, म्हणजे दरमहा भरायच्या ठेवीत. सूचना नवऱ्याची होती. दुसऱ्या दिवशी बँकेत तो तिच्याबरोबर गेला. एफडी वेळेआधी मोडल्याचं थोडं व्याज बुडालं. कार्ड फिटायला सहा महिने लागले.

पुष्कळांना वाटतं साधं राहायचं म्हणजे मन मारायचं. या घरात निम्म्याहून जास्त कपात अशा गोष्टींची झाली ज्या घरातल्या कोणालाच नको होत्या. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, हेही सांगते. ज्यांचा पगारच भाडं आणि औषधांत संपतो, त्यांच्यापुढे मी रंगीत पेनं ठेवत नाही.

यंदा वाढदिवस घरी झाला. आठ मुलं, मिसळ, पाव, आणि केक तिनं कुकरमध्ये केलेला, एका बाजूनं जरा बसलेला. एका मित्राची आई न्यायला आली तेव्हा दारातच म्हणाली, "अगं, हॉल नाही मिळाला का?"

"मिळत होता," हिनं सांगितलं, "आम्हीच नाही घेतला."

मला हे सांगताना तिचे कान लाल झाले होते, अजून. आणि आहेराचं घोडं अडलेलंच आहे. चुलत नणंदेच्या लग्नात पाकिटात किती घालायचे यावर दोघांचं एकमत नाही. शनिवारी येणार आहेत, कॅलेंडर घेऊन.