उन्हाळी फळांचे गोड पदार्थ आणि मोजकी कर्बोदके : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी काही महिन्यांपासून कमी कर्बोदकांचा आहार घेत आहे. साखर आणि मैदा सोडणे फारसे जड गेले नाही. पण उन्हाळ्यात ताज्या फळांचे गोड पदार्थ समोर आले की मी हात आखडता घेते. फळांत साखर असतेच, तर या आहारात असे पदार्थ अजिबात वर्ज्य समजायचे का?

उत्तर : अजिबात वर्ज्य समजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फळांच्या गोड पदार्थातील कर्बोदके येतात कुठून, हे एकदा बारकाईने पाहिले की आपली भीती बरीच कमी होईल. स्ट्रॉबेरी टार्टच्या एका तुकड्यात ३० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम साखर आणि ६० ग्रॅम स्ट्रॉबेरी आहे असे धरू. मैद्यातून सुमारे २३ ग्रॅम आणि साखरेतून २० ग्रॅम कर्बोदके येतात, तर स्ट्रॉबेरीतून पाच ग्रॅमही येत नाहीत. म्हणजे ज्या फळासाठी आपण तो तुकडा उचलतो, त्याचा वाटा जेमतेम एक दशांश असतो. सोडायचे ते फळाखालचे पीठ आणि फळावरची साखर, फळ ठेवायचे.

अर्थात सगळी फळे सारखी नसतात. एकूण कर्बोदकांतून तंतुमय भाग वजा केला, तर १०० ग्रॅम ब्लॅकबेरीत चार ते पाच ग्रॅम, रास्पबेरी आणि स्ट्रॉबेरीत पाच ते सहा ग्रॅम, कलिंगड आणि खरबुजात सुमारे सात ग्रॅम आणि पीचमध्ये आठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके उरतात. ब्लूबेरी दिसायला या बेरींच्याच पंक्तीत बसते, पण तिच्यात १२ ग्रॅम असतात. आंबा आणि चेरी १३-१४ ग्रॅमवर जातात, द्राक्षे १७ वर आणि केळे २० वर. आहार दिवसाला १०० ते १३० ग्रॅम कर्बोदकांचा असेल तर यांतले कोणतेही फळ बेताने खाता येते. मात्र २० ते ५० ग्रॅमची कडक मर्यादा पाळणाऱ्यांनी ब्लॅकबेरीपासून पीचपर्यंतच्या फळांतच राहावे आणि आंब्याच्या दोन-चार फोडी चवीपुरत्या घ्याव्यात. सुकवलेली फळे तर पदार्थात घालूच नयेत, कारण पाणी उडून गेल्यामुळे १०० ग्रॅम मनुकांत ७५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके एकवटलेली असतात. फळांचा गाळलेला रस मी याच कारणासाठी टाळायला सांगते. गाळताना चोथा निघून जातो, साखर राहते आणि एका पेल्यात तीन-चार फळे सहज संपतात.

एक पदार्थ सविस्तर सांगते, कारण त्यात या आहाराची बहुतेक सूत्रे आली आहेत. पूर्ण पिकलेल्या १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीचे चार-चार तुकडे करावेत, त्यावर मिठाची अगदी लहान चिमूट आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब टाकून भांडे पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवावे. मिठामुळे फोडींना हळूहळू पाणी सुटते, तळाशी लालसर रस जमतो आणि साखर न घालताही फळ अधिक गोड लागते. दुसरीकडे चांगले थंड केलेले ५० ग्रॅम घट्ट क्रीम थंड भांड्यात फेटावे आणि फेटणी उचलल्यावर क्रीमचे टोक किंचित वाकून उभे राहू लागले की तिथेच थांबावे, कारण त्यापुढे फेटत राहिल्यास लोणी सुटू लागते. वाटीत फोडी, त्यावर क्रीम, त्यावर भाजलेल्या दहा ग्रॅम बदामांचे काप आणि सर्वांत शेवटी तळाचा रस घालावा. एवढ्या मोठ्या वाटीत तंतू वगळता साधारण आठ-नऊ ग्रॅम कर्बोदके असतात. क्रीम नको असेल तर बिनसाखरेचा चक्का वापरावा. त्याची किंचित आंबट चव पीचबरोबर फार छान जुळते.

फळ निवडताना मात्र घाई करू नये, कारण साखर घालायची नसेल तर गोडीची सगळी जबाबदारी फळावरच येते. पीच, जर्दाळू आणि आंबा ही फळे घरी ठेवून पिकतात. स्ट्रॉबेरी, चेरी आणि कलिंगड तोडल्यानंतर आणखी गोड होत नाहीत, म्हणून ती घेतानाच तयार असलेली घ्यावीत.

प्रश्न : साखरेऐवजी एरिथ्रिटॉल हा गोडी आणणारा पर्याय वापरून केलेले फळांचे आइस्क्रीम दगडासारखे घट्ट होते आणि खाताना रवाळ लागते. काय चुकते?

उत्तर : आपली कृती चुकत नाही, हा एरिथ्रिटॉलचा स्वभाव आहे. नेहमीच्या आइस्क्रीममध्ये साखर फक्त गोडीसाठी नसते. तिच्यामुळे मिश्रणाचा गोठणबिंदू खाली येतो, काही पाणी न गोठता राहते आणि आइस्क्रीम चमच्याने सहज निघते. एरिथ्रिटॉल थंड होताच पुन्हा स्फटिकरूप धरू लागते, म्हणून जिभेला कण लागतात आणि मऊपणाही टिकत नाही. त्याची गोडी साखरेच्या साधारण ६० ते ७० टक्के असल्यामुळे आपण ते जास्त घालतो आणि अडचण वाढते. ते दळून पिठासारखे करावे, प्रमाण कमी ठेवावे आणि उरलेली गोडी स्टीव्हियाने (एका वनस्पतीच्या पानांपासून मिळणाऱ्या गोडीने) साधावी. ॲल्युलोज हा साखरेचा दुसरा पर्याय मिळत असेल तर आइस्क्रीमसाठी ते निःसंशय अधिक चांगले, कारण ते सहजासहजी स्फटिक धरत नाही. गोठवण्यापूर्वी मिश्रण हवे त्यापेक्षा थोडे अधिक गोड असू द्यावे, कारण थंडपणात जिभेला गोडी कमी जाणवते. वाढण्यापूर्वीही ते पंधरा मिनिटे बाहेर काढून ठेवावे.

पाकिटावरचे घटक अवश्य वाचावेत. स्टीव्हियाच्या काही पुड्यांत वजन भरण्यासाठी माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) घातलेले असते आणि ‘शुगर-फ्री’ मिठायांत माल्टिटॉल हा साखरेचा पर्याय आढळतो. रक्तातील साखर या दोन्हींनी वाढते. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल हा साखरेचा पर्याय घरात आणूच नये, कारण त्याचा थोडासा अंशही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : कलिंगडाचा ग्लायसेमिक इंडेक्स (पदार्थाने रक्तातील साखर किती वेगाने वाढते हे दाखवणारा निर्देशांक) फार जास्त असल्याने ते खाऊ नये, असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे का?

उत्तर : अनेक तक्त्यांत कलिंगडाचा आकडा ७० च्या वर दिलेला असतो, हे खरे. पण हा निर्देशांक काढताना त्या पदार्थातून ५० ग्रॅम कर्बोदके मिळतील एवढे प्रमाण खायला दिलेले धरतात आणि कलिंगडाच्या बाबतीत ते जवळजवळ ७०० ग्रॅम होते. १५० ग्रॅमच्या वाटीत ११ ग्रॅमच कर्बोदके असतात. वाटी मोजून घ्यावी, पुदिना आणि लिंबू घालून निश्चिंतपणे खावी.

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि ते औषधे घेतात. त्यांच्यासाठी हेच पदार्थ करता येतील का?

उत्तर : पदार्थ करता येतील, पण आहारात बदल करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असताना कर्बोदके एकदम कमी केली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि औषधाचा डोस बदलावा लागतो. एसजीएलटी-२ गटातील (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) औषधे घेणाऱ्यांना कडक कमी कर्बोदकांच्या आहारात कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्त आम्लधर्मी होण्याच्या गंभीर अवस्थेचा, धोका वाढतो. डॉक्टरांच्या संमतीनंतर फळांची वाटी रिकाम्या पोटी न देता जेवणाच्या शेवटी द्यावी आणि दोन तासांनी साखर तपासावी. त्यांना कोणते फळ किती मानवते, हे त्या नोंदींवरून समजेल.

प्रश्न : जिलेटिन वापरून ताज्या अननसाची आणि किवीची बिनसाखरेची जेली केली, पण ती सेट झाली नाही. साखर नसल्यामुळे असे झाले का?

उत्तर : साखरेचा येथे संबंध नाही. कच्च्या अननसात आणि किवीत प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) असतात. जिलेटिन हे प्रथिनच असल्यामुळे ती त्याची जाळी बनू देत नाहीत. पपईतही असे विकर असते. फळाच्या फोडी काही मिनिटे उकळून घेतल्या की विकरे निष्प्रभ होतात आणि जेली व्यवस्थित धरते. फळ ताजेच ठेवायचे असेल तर अगार-अगार वापरावे, कारण ते प्रथिन नसून समुद्री शेवाळापासून मिळणारा तंतुमय पदार्थ आहे. ते पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे आणि त्यात फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या फोडी टाकू नयेत. ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच ते घट्ट होऊ लागते, त्यामुळे थंड फळ पडताच त्याच्या गुठळ्या होतात.