संदेशाचा विभाग पाठवणाऱ्यालाच निवडू द्यावा
रावेर-यावल भागातील केळी उत्पादकांच्या गटात येणाऱ्या संदेशांची वर्गवारी आपण नव्याने हाती घेतली आहे, म्हणून सुचवतो की विभाग पाठवणाऱ्यालाच निवडू द्यावा, कारण त्याला करपा रोगाची शंका विचारायची आहे की भाव कळवायचा आहे, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. विभाग मात्र आरंभी मोजकेच असावेत: रोग, पाणी, भाव, वाहतूक आणि ‘इतर’. ‘इतर’मध्ये एकाच विषयाचे संदेश साचू लागले, तरच नवा विभाग उघडावा. ट्विटरवर २००७ मध्ये पुढे आलेल्या हॅशटॅगप्रमाणे खुणेचा शब्दही ज्याचा त्याने घडवायचा ठरवल्यास ‘करपा’ आणि ‘सिगाटोका’ अशी एकाच रोगाची दोन दालने होतात. ती जोडण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवावा. परंतु कोणाचाही संदेश हलवल्यास त्याला कारणासह अवश्य कळवावे, याविषयी माझा विशेष आग्रह आहे.