पाच संत्री, एक ग्लास

ताटातलं : वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : मॅडम, माझं वय ४४, उंची ५ फूट २ इंच, सुरुवातीचं वजन ७८ किलो. दिवाळीनंतर हप्त्यावर ज्यूसर घेतला, साडेअकरा हजारांचा. सकाळी रिकाम्या पोटी २ संत्री, १ सफरचंद, १ गाजर, अर्धं बीट आणि आल्याचा तुकडा यांचा मोठा ग्लासभर ज्यूस घेत होते आणि रात्री जेवणाऐवजी तसाच दुसरा. पहिल्या १२ दिवसांत सव्वातीन किलो उतरले. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. मग गरगरायला लागलं म्हणून रात्रीचं जेवण परत सुरू केलं, ज्यूस मात्र दोन्ही वेळ चालू ठेवला. आता काटा ७९ दाखवतो. नवरा म्हणतो, मशीन विकून टाक. ज्यूसनं वजन उतरतं की नाही, एकदाचं सांगा.
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ताई, नाही उतरत. पहिल्या १२ दिवसांत उतरलं ते रात्रीचं जेवण सुटलं म्हणून. ज्यूसऐवजी नुसतं ताक पिऊन झोपला असतात तरी उतरलं असतं, आणि साडेअकरा हजार वाचले असते.

त्या सव्वातीन किलोंतही चरबी किती होती ते बघा. आपलं शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं. ती साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते, आणि तिच्या दर ग्रॅमसोबत ३ ग्रॅमच्या आसपास पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की आधी हा साठा रिकामा होतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. दीड-दोन किलो तिथंच गेले. पुन्हा जेवायला लागलात की तीन-चार दिवसांत साठा भरतो, पाणी परत येतं. काट्याला पाणी आणि चरबी यांतला फरक कळत नाही.

मग ७८ चे ७९ कसे झाले? तुमचा ग्लास मी कागदावर मांडून पाहिला. त्यात १५० ते १८० कॅलरी निघतात, म्हणजे जवळपास दोन फुलके. दिवसाला असे दोन ग्लास, म्हणजे ३०० च्या वर. आधी हे जेवणाच्या जागी होतं, आता जेवणाच्या वर आहे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. महिनाभर रोज ३०० जास्त गेल्या तर कागदावर किलोभर चढतो. तुमचं शरीर कागदापेक्षा दयाळू निघालं एवढंच.

आता माझी गोष्ट. असलं एक यंत्र माझ्याकडेही आहे, फ्रिजवर, पिशवीत गुंडाळलेलं. सल्ला देणाऱ्या बाईनं असं यंत्र विकत घ्यावं यावर घरात पुष्कळ बोलणं झालं आहे, ते इथं नको. तुमचं पत्र आलं तेव्हा ते खाली काढलं, पुसलं आणि कॉटन मार्केटमधून आणलेली पाच संत्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. मृग बहाराची, मध्यम आकाराची, पाचांचं वजन ६३० ग्रॅम. साल निघालं १५५ ग्रॅम. यंत्रातून रस आला २६५ मिली, एक भरलेला ग्लास. मागच्या डब्यात उरला १९० ग्रॅम चोथा, बिया आणि पडदे धरून. बोटानं दाबून पाहिला तर अजून ओलसर होता. फिकट केशरी, कापसासारखा. हा आपण ओट्यावरून थेट कचऱ्यात लोटतो.

रस मी उभ्या उभ्या प्याले. घड्याळ लावलं होतं, ४० सेकंद लागले. अर्ध्या तासात भूक जशीच्या तशी.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तसलीच पाच संत्री घेऊन बसले. सोलायचं, शिरा काढायच्या, फोड उघडायची, बिया बशीत टाकायच्या. तिसरं संपलं तेव्हा १७ मिनिटं झाली होती. चौथं हातात घेतलं आणि परत टोपलीत ठेवलं. नको वाटलं हो! ते नको वाटणंच वजन उतरवतं, आणि यंत्र नेमकं तेच काढून घेतं.

माझ्या ओट्यावरच्या प्रयोगाला कोणी शास्त्र म्हणणार नाही. पण १९७७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात असाच एक प्रयोग छापून आला होता. दहा जणांना सफरचंद तीन प्रकारे दिलं, अख्खं, गर करून आणि रस काढून. अख्ख्या फळापेक्षा रस अकरापट वेगानं पोटात गेला. पोट सगळ्यांत जास्त अख्ख्या फळानं भरलं आणि सगळ्यांत कमी रसानं. रसानंतर इन्सुलिन जास्त उसळलं आणि रक्तातली साखर नंतर जास्त खाली गेली. त्या उतारावरच माणूस चिवड्याचा डबा शोधायला लागतो. तुमचा तो डबा कुठल्या फळीवर आहे ते तुम्हीच पाहा.

साखरेचं सांगायचं तर माझ्या त्या ग्लासात २५ ग्रॅमच्या आसपास साखर होती, चहाचे पाच-सहा चमचे. 'पण ती फळाची, नैसर्गिक!' हे मी रोज ऐकते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत फळाच्या रसातली साखर मधाच्या आणि डब्यातल्या साखरेच्याच रांगेत बसवली आहे. अख्ख्या फळातली साखर त्या रांगेत नाही. फळात ती पेशींच्या आत बांधलेली असते, रसात मोकळी सुटते. अशी मोकळी साखर दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा आणि ५ टक्क्यांवर आणता आली तर उत्तम, असं ते म्हणतात. २,००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. तुमची हद्द सकाळी सातलाच संपते.

ज्यूस म्हणजे विष असंही मी म्हणत नाही. क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम बरंचसं रसात उतरतं. पण तुमच्या पत्रात मला जास्त खटकलं ते प्रथिनांचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं ५५ किलोच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या एका ग्लासात दोन-तीन ग्रॅम असतील नसतील. बारा रात्री वरण नाही, दही नाही, अंडं नाही. त्यात चरबीबरोबर थोडा स्नायूही झडतो. गरगरायला लागलं याचं नवल नाही. तरी एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आता करायचं काय? सकाळी मुगाची दोन धिरडी, सांबार घालून. (पुण्याच्या वाचकांसाठी : आमच्याकडे नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर.) अकराला दोन संत्री, सोलून, बसून. जेवणात आधी वाटीभर पानकोबीची नाहीतर काकडीची कोशिंबीर, घट्ट वरण, भाजी, दोन फुलके. रात्री तेच, भात अर्धा. गाजर-बीट किसून खा, ते दाताचं काम आहे. आणि जेवणानंतर वीस मिनिटं चाला, मेमध्ये गच्चीवर रात्री नऊनंतर. महिन्याला दीड-दोन किलो उतरले तर उत्तम समजा.

मशीन विकू नका, निम्मे पैसेही येणार नाहीत. पाहुणे आले की काढा, छोटे कप भरा. आपलं संत्रं सैल सालीचं, सुरीशिवाय सोललं जाणारं. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नागपुरात राहून ते पिळून प्यायचं याचं मला, खरं सांगते, वाईटच वाटतं.

प्रश्न : बागेच्या गेटसमोर सकाळी एक भाऊ लवकी, कारलं, आवळा आणि गव्हाच्या ज्वाऱ्यांचा मिक्स ज्यूस देतो. ३० रुपये ग्लास. पोटाची चरबी वितळते म्हणतो. मी महिनाभर पितोय. परवा फारच कडू लागला. विचारलं तर म्हणाला, कडू तेवढा गुणकारी. खरं काय? वय २९.
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : चरबीचं नंतर. आधी तो ग्लास बंद करा.

कारल्याचा कडूपणा कारल्याचाच असतो, त्याची भीती नाही. लवकी, म्हणजे दुधी, कडू असू नये. ती कडू निघाली तर तिच्यात कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं वाढलेली असतात. बाहेरून ती इतर लवकीसारखीच दिसते. अशा रसानं आपल्या देशात माणसं दगावली आहेत. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला त्यावर तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. समितीचं सांगणं साधं आहे. रस काढण्याआधी लवकीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर लवकी टाकून द्या, आणि लवकीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका. तुमच्या गाडीवाल्या भाऊंच्या ग्लासात कारलं आहे. लवकी कडू असली तरी कळणार कशी?

पुढे कधी असा रस पिऊन अस्वस्थ वाटलं, उलट्या, पोटात कळा, जुलाब, घाम असं काही झालं, तर तासभर वाट पाहू नका. उलटीत किंवा शौचात रक्त दिसलं तर मुळीच नको, थेट दवाखाना गाठा आणि 'लवकीचा ज्यूस प्यालो' हे पहिल्या वाक्यात सांगा. याला वेगळा उतारा नाही, जे बिघडलं त्यावरच उपचार करतात, त्यामुळे वेळ महत्त्वाची. कडू लवकी शिजवूनही खाऊ नका.

चरबी कुठल्याच ज्यूसनं वितळत नाही. ३० रुपये रोजचे, महिन्याचे ९००. तेवढ्यात रोज दोन-तीन अंडी येतात.

प्रश्न : वय ६८, मधुमेह १४ वर्षांपासून, गोळ्या चालू. सून रोज दुपारी मोसंबीचा ज्यूस देते, साखर अजिबात न घालता. मोसंबी नसली तर डब्यातला, ज्यावर १०० टक्के फळांचा रस लिहिलं आहे तो. वजन कमी होईल आणि ताकद येईल म्हणते. पण जेवणानंतरची साखर २४० च्या खाली काही येत नाही. मी म्हणतो ज्यूसमुळे, ती म्हणते पथ्य मोडता म्हणून. काहून भांडण वाढवायचं, म्हणून तुम्हालाच विचारतो.
— एक वाचक, महाल

उत्तर : काका, या भांडणात मी तुमच्या बाजूनं. पण सूनबाईंवर रागावू नका, ती मायेनंच देते.

तिला एवढंच सांगा. मधुमेही माणसाची साखर ७० च्या खाली गेली, हातपाय कापायला लागले, तर आम्ही काय द्यायला सांगतो? अर्धा कप फळाचा रस. कारण तो पंधरा मिनिटांत साखर वर आणतो. जे साखर पडली असताना औषध म्हणून चालतं, ते २४० असताना रोज दुपारी कसं चालेल? तो अर्धा कप घरात राहू द्या, त्या वेळेसाठी.

डब्यावरच्या १०० टक्क्यांचं म्हणाल, तर बहुतेक वेळा तो आटवलेल्या रसात पाणी घालून पुन्हा तयार केलेला असतो. केंद्राच्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं जून २०२४ मध्ये कंपन्यांना हा '१०० टक्के'चा दावा वेष्टनावरून आणि जाहिरातींतून काढायला सांगितलं. तुमचा डबा जुना असेल तर त्याची तारीखही बघा.

मोसंबी आवडते तर अर्धी खा, फोडी करून, पांढऱ्या पडद्यासकट, जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळी. ज्यूस बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. साखर उतरली की गोळीचं प्रमाण बदलावं लागू शकतं, आणि ते त्यांनीच बदलायचं. आणि काका, पथ्य मोडण्याबद्दल सूनबाई काही चुकीचं बोलत असेल असं मला वाटत नाही. बर्डीला गेलात की तर्री पोह्यांवर शेव किती टाकून घेता?

प्रश्न : ज्यूसरऐवजी मिक्सरमध्ये सालासकट फिरवलं तर?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ज्यूसपेक्षा बरं, फायबर ग्लासातच राहतं. पण पिणं ते पिणंच, चावण्याएवढं पोट भरत नाही. त्यात मध, खजूर, आइस्क्रीम पडलं की ती मेजवानी झाली, मग वजनाचं नाव काढू नका.

प्रश्न : नातू १० महिन्यांचा, गुटगुटीत आहे. संत्र्याचा रस द्यावा का? सगळे द्या म्हणतात.
— एक आजी, सक्करदरा

उत्तर : वर्षाच्या आत रस नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१७ साली हेच सांगितलं. गुटगुटीत असला म्हणून वजनाची काळजीही आत्ता नको, वाढीचा तक्ता डॉक्टरांकडे असतो, तो तेवढा विचारा. संत्रं मात्र देऊन बघा. फोडीवरचा पडदा सोलायचा, आतला गर बोटानं मोकळा करून चमच्यावर ठेवायचा, आधी थोडासाच. चेहरा आंबट करेल, मग पुन्हा तोंड उघडेल. बिया आजीनं स्वतः काढायच्या, चष्मा लावून.