"मॅडम, माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाहीये"

हा प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात. कुणाला कॉलेजनं बोलावलेलं असतं, कुणाला ऑफिसच्या कार्यक्रमात दहा मिनिटं दिलेली असतात, आणि विषय काय तर "तुमच्या अनुभवातलं काहीतरी इन्स्पायरिंग बोला". झालं, तिथून झोप उडते. स्टेजची भीती सरावानं बऱ्यापैकी कमी होते हो, पण ही भीती वेगळीच असते, की आपण आपलं आयुष्य उलटंपालटं करून बघितलं आणि आत काही निघालंच नाही तर?

एकीचं सांगते, त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पंचेचाळीशीच्या बाई, अकाउंट्समध्ये वीसेक वर्षं झालेली. नवीन भरती झालेल्या मुलांसमोर दहा मिनिटं बोलायचं होतं, हातात तीन आठवडे. पहिल्या सेशनला त्यांनी काही न बोलता वही काढून माझ्यासमोर ठेवली. तीन पानं भरलेली आणि सगळी खोडलेली, म्हणजे एक रेघ मारून सोडलेलं नाही, एकेका ओळीवर चार-चार वेळा पेन फिरवलेलं, एका जागी तर कागदच फाटलेला. मी डोळे बारीक करून वाचलं, 'जिद्द असेल तर' एवढं दिसत होतं, पुढे भोक.

इथे मी पण एक चूक केली. त्यांना ठरलेला घरचा अभ्यास दिला, एक आडवी रेघ मारा आणि तिच्यावर आयुष्यातली वळणं लिहा. पुढच्या वेळी पाच ठिपके घेऊन आल्या: शिक्षण, नोकरी, लग्न, मुलगी, वडील गेले. "बघा, हे तर सगळ्यांचंच असतं." बरोबरच होतं त्यांचं. मोठी वळणं विचारली की माणूस बायोडेटा देतो.

मग खोडाखोडीकडे वळलो. ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे सुचतील तितक्या कल्पना मांडत जाणं, हा शब्द ज्यानं रुळवला तो अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न जाहिरातीच्या धंद्यातला माणूस, त्यानं १९५३ च्या पुस्तकात एक नियम घालून दिलाय की कल्पना काढायच्या वेळी न्यायनिवाडा बंद, तो नंतर करायचा. बाईंचं उलट चाललेलं, एक हात लिहितोय आणि दुसरा लगेच शिक्षा सुनावतोय. घरच्या ग्रुपवर पण विचारून झालं होतं, तिथून आले सुविचार आणि हात जोडलेले इमोजी. तसंही ग्रुपचा फार भरवसा धरू नये, १९५८ मध्ये येल विद्यापीठात तपासलं गेलं तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसून विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना मिळून जास्त निघाल्या होत्या. म्हणून मी सांगितलं, रोज एकट्यानं दहा मिनिटं लिहा, पेन उचलायचं नाही, खोडायचं नाही, परत वाचायचं पण नाही. आणि प्रश्न बदलला. 'माझ्यात प्रेरणादायी काय' हा प्रश्न मुळात बादच करा, त्याला कुणाकडेच उत्तर नसतं. त्याऐवजी: माझं मत कधी बदललं? मी काय लपवलंय? नवीन माणूस आला की मी त्याला कुठली गोष्ट हमखास सांगते?

आणि त्या 'जिद्द'बद्दल त्यांना एक प्रयोग सांगितला. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटानं वाजवायला लावला, समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्मी तरी ओळखतील, प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं सुरू असतं ना, समोरच्याला नुसतं टकटक ऐकू येतं. मी म्हटलं, तुम्ही 'जिद्द' म्हणता तेव्हा तुमच्या डोक्यात वीस वर्षं वाजत असतात, त्या पोरांना मात्र टकटक.

हसल्या, वही उचलली, दारापर्यंत गेल्या. आमच्या कामात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते, खरं काय ते माणूस दाराच्या कडीला हात लावून सांगतो. "तशी मी नवीन मुलांना माझी एक चुकीची एन्ट्री दाखवते, पण ते काय सांगायचं."

बसा म्हटलं परत.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका रकमेत एक शून्य जास्त टाकलं होतं. लक्षात आलं त्याच दिवशी, पण सांगितलं अकरा दिवसांनी. त्या अकरा दिवसांत त्यांनी एक शून्य झाकायला आणखी चार एन्ट्र्या बिघडवल्या, जेवणाच्या सुट्टीत जागेवरून उठायच्या नाहीत, मागे कुणी स्क्रीन बघेल म्हणून. शेवटी सांगितल्यावर साहेब ओरडले ते एका शून्यासाठी नाहीच, चार एन्ट्र्यांसाठी. त्याचा प्रिंटआउट त्यांच्या ड्रॉवरमध्ये अजून आहे आणि प्रत्येक नवीन मुलाला पहिल्या दिवशी त्या तो दाखवतात. वीस वर्षं हे चाललंय आणि बाई म्हणतात सांगण्यासारखं काही नाही!

त्यांना खरं तर वडिलांचं बोलायचं होतं, ते 'मोठं' वाटत होतं. मी म्हटलं मला सांगून बघा. दुसऱ्याच वाक्याला अंगठा मुठीत गेला आणि बोलण्याचा वेग दुप्पट. माझं मत स्पष्ट आहे, जे सांगताना आपणच तिथून पळ काढतोय ते स्टेजसाठी नाही, निदान आत्ता नाही, ते सेशनमध्ये आणा. एखादी गोष्ट एखाद्या विश्वासाच्या माणसाला दोनदा सांगा, दुसऱ्या वेळी शांतपणे सांगता आली तर ती चारचौघांत न्यायला तयार आहे. एन्ट्रीचं सांगताना त्या मधूनच हसत होत्या, तेव्हाच मला कळलं.

भाषण काही फार ग्रेट झालं नाही म्हणे. दहाचं सातच मिनिटांत संपलं, साहेबांचा भाग विसरल्या, टाळ्या बेताच्या. नंतर ग्रुप फोटोसाठी सगळे गोळा होत असताना एक मुलगा मागे रेंगाळला आणि त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, चारच दिवस झाले असतील तर कुणाला सांगायचं?"

त्या फोटोत बाई नाहीत, आणि तो मुलगाही नाही.